एकदाही आघाडी नाही, तरी जगज्जेता

सामना दोन दिवस चालला. पहिल्या डावापासून चौतिसावा डाव संपेपर्यंत डेनिस टेलर एकदाही पुढे नव्हता. कधी आठ डावांनी मागे, कधी दोन डावांनी, फार तर बरोबरीत. तरीही २८ एप्रिल १९८५ची मध्यरात्र उलटल्यावर स्नूकरच्या जागतिक अजिंक्यपदाचा करंडक त्याच्याच हातात आला. हरलेला खेळाडू होता स्टीव्ह डेव्हिस. तो त्या वेळचा अव्वल मानांकित आणि १९८१, १९८३ व १९८४ असा तीनदा जगज्जेता झालेला होता.

ब्रिटनमध्ये त्या रात्री १ कोटी ८५ लाख लोक बीबीसी टू वाहिनीसमोर जागे होते. त्या देशाची तेव्हाची लोकसंख्या पाहता जवळजवळ दर तिसरा माणूस हा सामना पाहत होता. बीबीसी टूच्या इतिहासात इतका मोठा प्रेक्षकवर्ग दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमाला मिळालेला नाही.

जो दोन दिवस कधीच पुढे नव्हता तो जिंकतो कसा? नशीब म्हणून हा प्रश्न सोडून देता येईल. पण स्नूकरच्या गुणपद्धतीत त्याचे बरेचसे उत्तर आहे. ती समजली की शेवटच्या त्या ६८ मिनिटांत काय घडले आणि लोक घड्याळ विसरून का बसले, हेही कळते.

दोन मजली मोजणी

स्नूकरचे टेबल सुमारे १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद असते. चार कोपऱ्यांत आणि लांब बाजूंच्या मध्यावर मिळून सहा पॉकेट असतात. टेबलावर १५ लाल चेंडू, सहा वेगवेगळ्या रंगांचे चेंडू आणि एक पांढरा असे २२ चेंडू मांडतात. काठीने, म्हणजे क्यूने, फक्त पांढऱ्याला मारायचे आणि त्याच्या धक्क्याने बाकीचे चेंडू पॉकेटमध्ये घालायचे.

क्रम ठरलेला असतो. आधी एक लाल, मग एक रंगीत, पुन्हा लाल, पुन्हा रंगीत. पॉकेटमध्ये गेलेला लाल तिथेच राहतो, रंगीत मात्र बाहेर काढून आपल्या जागी ठेवला जातो. लाल संपले की सहा रंगीत चेंडू कमी गुणांपासून जास्त गुणांकडे, क्रमाने घालायचे. आता तेही परत येत नाहीत. टेबल रिकामे झाले की एक डाव संपला. या डावाला फ्रेम म्हणतात. ज्याचे गुण जास्त, फ्रेम त्याची.

> चौकट : कोणत्या चेंडूचे किती गुण?
> लाल १, पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६, काळा ७.
> सगळे लाल संपल्यावर उरलेल्या सहा रंगांचे मिळून २७ गुण.
> प्रत्येक लालनंतर काळा घालून पूर्ण टेबल साफ केले तर १४७ गुण.
> नियमभंग झाला तर प्रतिस्पर्ध्याला किमान ४ गुण मिळतात.

फ्रेम संपली की तिचे सगळे गुण पुसले जातात. शंभर गुणांच्या फरकाने जिंकलेली फ्रेम आणि चार गुणांनी निसटती जिंकलेली फ्रेम, दोन्हींची किंमत एकच. खाली गुण आणि वर फ्रेम अशी ही मोजणी आहे, आणि खालच्या मजल्यावरची शिल्लक वर नेता येत नाही. मोठ्या फरकाने हरलेल्या खेळाडूला पुढची फ्रेम शून्य-शून्यवरूनच सुरू करता येते. टेलरच्या विजयाला जागा इथे आहे.

करंडकापर्यंत ७० फ्रेम

जागतिक स्पर्धा १९७७ पासून इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात, क्रुसिबल थिएटरमध्ये भरते. नाटकांसाठी बांधलेले हे सभागृह हजार प्रेक्षकांनाही पुरे पडत नाही. पहिल्या रांगेतला प्रेक्षक खेळाडूच्या अगदी जवळ बसलेला असतो. १९८५मध्ये मुख्य फेरीत ३२ खेळाडू होते. पहिल्या फेरीत १० फ्रेम जिंकणारा पुढे जाई, दुसऱ्या आणि उपांत्यपूर्व फेरीत १३, उपांत्य फेरीत १६ आणि अंतिम सामन्यात १८. म्हणजे विजेत्याला सतरा दिवसांत ७० फ्रेम जिंकाव्या लागत.

टेलर उत्तर आयर्लंडमधल्या कोलआयलंड गावचा. वय ३६. बारा-तेरा वर्षे व्यावसायिक खेळाडू म्हणून काढली होती आणि १९७९मध्ये जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना टेरी ग्रिफिथ्सकडून १६-२४ असा गमावला होता. १९८४मध्ये त्याची आई वारली. त्यानंतर लगेचच त्याने ग्रँड प्रिक्स स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात क्लिफ थॉर्बर्नला १०-२ असे हरवून. तोवर चांगला, पण अजिंक्यपद न मिळणारा खेळाडू अशीच त्याची ओळख होती.

क्रुसिबलमधली त्याची वाटचाल नीट पाहण्यासारखी आहे. सिल्विनो फ्रान्सिस्को १०-२, एडी चार्लटन १३-६, थॉर्बर्न १३-५, टोनी नोल्स १६-५. चार सामन्यांत त्याने फक्त १८ फ्रेम गमावल्या. डेव्हिसला पहिल्याच फेरीत नील फोल्ड्सने १०-८पर्यंत झुंजवले होते. डेव्हिड टेलर, ग्रिफिथ्स आणि रे रिअर्डन यांना त्याने पुढे आरामात हरवले, तरी एकूण गमावलेल्या फ्रेम २३ झाल्या. त्या स्पर्धेपुरते बोलायचे तर टेलर डेव्हिसइतकाच, किंबहुना जरा सरस खेळत होता. त्याचा विजय म्हणजे अंधारातून आलेला चमत्कार, असे जे सांगितले जाते ते मला पटत नाही.

सामना इतका लांब कशाला?

समजा, एक खेळाडू दुसऱ्यापेक्षा थोडासाच वरचढ आहे. शंभर फ्रेम खेळल्या तर ५५ जिंकेल इतकाच. नऊ फ्रेमच्या सामन्यात, जिथे आधी पाच जिंकणारा विजेता, तो जिंकण्याची शक्यता शंभरात सुमारे ६२ येते. हाच सामना ३५ फ्रेमचा केला तर ती ७२वर जाते. सामना लांबला की एखादा नशिबाचा फटका, एखादी वाईट तासाभराची वेळ यांचे वजन कमी होते आणि खरा फरक वर येतो. म्हणून जागतिक स्पर्धेत अंतिम सामना दोन दिवस आणि चार सत्रे चालतो.

छोट्या सामन्याची कल्पना यावी म्हणून आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. २०१५च्या मार्चमध्ये इंडियन ओपन ही व्यावसायिक स्पर्धा मुंबईत झाली. तिचा अंतिम सामना नऊ फ्रेमचा होता. वेल्सच्या मायकल व्हाइटने इंग्लंडच्या रिकी वॉल्डनला ५-० असे हरवले आणि सामना तिथेच संपला. वॉल्डनला सावरायला सहावी फ्रेम नव्हतीच. १९८५चा अंतिम सामना असा छोटा असता तर डेव्हिसने टेलरला एकही फ्रेम न देता विजेतेपद घेतले असते.

कारण पहिल्या सत्रात नेमके तेच झाले. २७ एप्रिलच्या दुपारी सात फ्रेम झाल्या आणि सातही डेव्हिसने घेतल्या. संध्याकाळी आठवीही त्याचीच. ८-०.

इथून टेलरला उरलेल्या २७ फ्रेमपैकी १८ हव्या होत्या, डेव्हिसला फक्त १०. दोघांना प्रत्येक फ्रेममध्ये अगदी समान संधी आहे असे धरले, तरी टेलरच्या विजयाची शक्यता शंभरात सहाच निघते. पण सहा म्हणजे शून्य नव्हे. नवव्या फ्रेममध्ये डेव्हिसने हिरव्या चेंडूवर एक अवघड, धाडसी फटका घेतला आणि तो हुकला. ती फ्रेम टेलरने जिंकली. त्या सत्राच्या पुढच्या सात फ्रेमपैकी सहा त्याने घेतल्या आणि रात्री दिवे मालवले तेव्हा फलकावर ९-७ होते. आठ फ्रेमची आघाडी काही तासांत दोनवर आली होती.

खेळाडू याला मानसिक वळण म्हणतात, आणि ते खरे असेलही. पण दुसरेही एक कारण आहे. स्नूकरमध्ये आपली पाळी संपली की खुर्चीत बसून राहण्याशिवाय काही करता येत नाही. समोरचा खेळत असताना त्याला अडवता येत नाही, त्याची लय तोडता येत नाही. त्यामुळे फ्रेम एका बाजूला झुकू लागल्या की तशाच झुकत राहतात. दुपारी खुर्चीत टेलर होता, संध्याकाळी डेव्हिस.

नाकावरचा मोठा चष्मा

टेलरचे छायाचित्र एकदा पाहिलेला माणूस त्याचा चष्मा विसरत नाही. काचा अवाढव्य, कपाळापर्यंत चढलेल्या, जणू चष्मा उलटा लावला आहे. लोकांना त्याची मौज वाटे, पण त्यामागे पक्के शास्त्र होते.

स्नूकर खेळताना खेळाडू इतका वाकतो की हनुवटी क्यूला टेकते. मान वर करून तो पुढे पाहतो, तेव्हा त्याची नजर डोळ्यांच्या खोबणीच्या वरच्या भागातून जाते. साध्या चष्म्यात तिथे काच संपलेली असते, किंवा काचेचा कडेचा भाग येतो, जिथून प्रतिमा किंचित विकृत दिसते. बारा फुटांवरच्या पॉकेटचा नेम धरताना तेवढी विकृतीही घातक ठरते. बिलियर्ड्स खेळणारे आणि स्नूकरचे समालोचन करणारे जॅक कार्नहॅम यांनी टेलरसाठी असा चष्मा बनवला, ज्यात वाकल्यावरही नजर काचेच्या मध्यातून जावी. टेलरचा खेळ उंचावला त्यात या चष्म्याचा वाटा मोठा होता, असे मी मानतो.

चौतीस फ्रेमनंतर कोरी पाटी

दुसऱ्या दिवशी टेलरने ११-११ अशी बरोबरी साधली. डेव्हिस पुन्हा पुढे गेला, दुपारचे सत्र १३-११वर संपले. रात्री डेव्हिस १७-१५वर पोचला. त्याला एकच फ्रेम हवी होती. टेलरने पुढच्या दोन्ही घेतल्या. १७-१७.

आता वरच्या मजल्यावरचा सगळा हिशेब निरर्थक झाला. दोन दिवसांची मेहनत एकाच फ्रेमवर आली.

ही फ्रेम ६८ मिनिटे चालली. एवढा वेळ का लागला, हे समजायला संरक्षक खेळ समजावा लागतो. प्रत्येक फटक्याआधी खेळाडूपुढे दोन पर्याय असतात: चेंडू पॉकेटमध्ये घालायचा प्रयत्न करायचा, की पांढरा चेंडू प्रतिस्पर्ध्याला काहीच करता येणार नाही अशा जागी नेऊन ठेवायचा. प्रयत्न फसला तर समोरच्याला उघडे टेबल मिळते. म्हणून हिशेब केवळ ‘मला हा फटका जमेल का’ एवढाच नसतो. ‘नाही जमला तर त्याला काय मिळेल’ हाही असतो. जिथे पुढची फ्रेम आहे तिथे माणूस धोका पत्करतो. पस्तिसाव्या फ्रेमनंतर पुढची फ्रेम नव्हती. दोघेही दमलेले, दोघेही दडपणाखाली. चेंडू कडेच्या गादीला चिकटत गेले, फटके हुकत गेले, मिनिटे सरत गेली.

अखेर टेबलावर चार रंगीत चेंडू उरले: तपकिरी, निळा, गुलाबी, काळा. डेव्हिस ६२, टेलर ४४.

आता गणित करा. चार चेंडूंचे गुण ४ + ५ + ६ + ७ = २२. टेलर १८ने मागे. म्हणजे चारही चेंडू त्यानेच घातले तर ६६-६२ असा तो जिंकतो. पण काळा निसटला तर त्याचे ५९ होतात आणि फ्रेम डेव्हिसची. कुठलाही एक चेंडू डेव्हिसला मिळाला तरी तेच. उदाहरणार्थ, तपकिरी डेव्हिसने घातला असता तर तो २२ गुणांनी पुढे गेला असता आणि टेबलावर फक्त १८ उरले असते. मग टेलरला उरलेले सगळे चेंडू घालूनही पुरले नसते. डेव्हिसला चूक करायला भाग पाडून दंडाचे गुण मिळवावे लागले असते.

टेलरपुढे तपकिरी लांबच्या पल्ल्यावर होता. त्याने तो घातला. मग निळा. मग गुलाबी. ६२-५९.

या सामन्याची आठवण निघाली की सगळे काळ्या चेंडूबद्दल बोलतात. माझ्या मते सामन्यातला सर्वांत मोठा फटका तपकिरीचा होता. काळ्यावर दोघांनाही संधी मिळाल्या. तपकिरी हुकला असता आणि डेव्हिसने तो घेतला असता तर काळ्याची गोष्ट उरलीच नसती.

एका मिलिमीटरचे मोल

फक्त काळा उरला की नियम सोपा होतो: जो तो घालेल तो जिंकेल, आणि त्यावर कोणी नियमभंग केला तर फ्रेम तिथेच संपते. पॉकेट सहा, चेंडू एक, आणि करंडक त्या चेंडूत.

टेलरने काळा गादीवर आपटून मधल्या पॉकेटमध्ये घालण्याचा प्रयत्न केला. हुकला. मग काही फटके दोघांनीही सावधपणे खेळले. आणखी एक प्रयत्न टेलरचा हुकला आणि काळा अशा जागी थांबला की डेव्हिसला कोपऱ्यातल्या पॉकेटची वाट उघडी मिळाली. फटका पातळ कटचा होता, पण डेव्हिससारख्या खेळाडूसाठी घालण्याजोगा.

पातळ कट म्हणजे काय, हे कॅरम खेळणाऱ्याला लगेच कळेल. स्ट्रायकर सोंगटीच्या मधोमध लागला तर ती सरळ पुढे जाते, आणि तिच्या कडेला नुसता घासून गेला तर ती तिरपी, जवळजवळ आडवी निघते. कडेला घासणारा फटका अवघड, हे हाताला माहीत असते. का अवघड, हे थोड्या भूमितीने सांगता येते.

स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. टक्कर होते त्या क्षणी दोन्ही चेंडूंची केंद्रे जोडणारी जी रेषा, तिच्याच दिशेने समोरचा चेंडू निघतो. समोरासमोरच्या फटक्यात तुमचा नेम एक मिलिमीटर चुकला, तर ही रेषा सुमारे एक अंशाने फिरते. एक मीटर अंतरावर चेंडू सुमारे दोन सेंटिमीटर बाजूला जातो. पॉकेटचे तोंड साधारण साडेतीन इंच, म्हणजे चेंडूच्या दोन्ही बाजूंना जेमतेम पावणेदोन-पावणेदोन सेंटिमीटरची मोकळीक. काठावरची चूक, कधी माफ होणारी, कधी न होणारी.

आता ६० अंशांचा कट घ्या. तिथे त्याच एका मिलिमीटरच्या चुकीने दिशा दुप्पट फिरते आणि एक मीटरवर चेंडू जवळजवळ चार सेंटिमीटर भरकटतो. ७५ अंशांच्या कटात ही चूक चौपटीपर्यंत जाते, म्हणजे एक मीटरवर सात सेंटिमीटरच्याही पुढे. फटका जितका पातळ, तितकी हाताची चूक मोठी होऊन समोर येते. मध्यरात्रीनंतर, १ कोटी ८५ लाख लोकांच्या नजरेखाली, एक मिलिमीटर ही फार छोटी जागा आहे.

डेव्हिसने काळा गरजेपेक्षा पातळ मारला. तो पॉकेटच्या बाजूने निघून गेला आणि टेलरसाठी बराच सरळ फटका ठेवून गेला. टेलर वाकला, त्या मोठ्या काचांमधून नेम धरला आणि काळा घातला. ६६-६२. १८-१७. सामन्यात तो पहिल्यांदाच पुढे गेला, आणि त्याच फटक्याने सामना संपला. दोन्ही हातांनी क्यू डोक्यावर धरून उभा राहिलेला टेलर हे चित्र ब्रिटनमध्ये आजही ओळखले जाते. त्याला ६०,००० पौंड मिळाले.

जबलपूरपासून शेफिल्डपर्यंत

ज्या खेळाने त्या रात्री ब्रिटनला जागे ठेवले, तो खेळ आपल्याच भूमीवर जन्मला. १८७५मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून हा प्रकार सुरू केला, असे मानले जाते. उटीच्या क्लबमध्ये त्याचे नियम रुळले. भारतातल्या क्लबांमध्ये मात्र बराच काळ बिलियर्ड्सचाच मान मोठा राहिला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, आणि कुठल्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. स्नूकरमध्ये ओम अग्रवाल यांनी १९८४मध्ये डब्लिन इथे हौशी जागतिक स्पर्धा जिंकली, म्हणजे टेलरच्या त्या रात्रीच्या आदल्याच वर्षी.

त्यानंतर

टेलर पुढच्या वर्षी क्रुसिबलमध्ये पहिल्याच फेरीत हरला. जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना त्याने पुन्हा कधी गाठला नाही. डेव्हिस १९८६च्याही अंतिम सामन्यात हरला, जो जॉन्सनकडून १२-१८. मग १९८७, १९८८ आणि १९८९ अशी सलग तीन वर्षे तो जिंकला आणि त्याची एकूण जागतिक विजेतेपदे सहा झाली. क्रुसिबलमधला अंतिम सामना आजही ३५ फ्रेमचाच आहे.

त्या शेवटच्या फ्रेमचे चित्रण अजूनही पाहायला मिळते. जमले तर ते ६२-४४ पासून पाहा. काळ्याची वाट बघत बसू नका. तपकिरीकडे लक्ष द्या.